पहिल्या पंगतीला कोणी बसेना

बदलीमुळे हुबळीत आलो तेव्हा तीन वर्षांत परत जायचं म्हणून अर्धं सामान मिरजेलाच ठेवलं होतं. आता ती कपाटं दिराच्या मुलांनी वाटून घेतली आहेत आणि आम्ही हुबळीतल्या केशवापूर भागाचे पक्के रहिवासी झालो आहोत. आमच्यासारखी बदलीची मराठी माणसं इथे पुष्कळ. शिवाय पिढ्यांपूर्वी सांगली-कोल्हापूरकडून व्यापाराला आलेली बाजारातली घरं आहेत, आणि धारवाडची शिक्षक-वकिलांची घरं. एकमेकांना भेटणार ती फक्त लग्नाकार्यात. मंडळ काढायचं तर सगळ्यांचं मिळून, असं आम्ही पाच-सहा जणींनी ठरवलं.

अडचण जागेची होती. बाजारात धान्याचं दुकान असलेल्या एका अण्णांचा दुकानावरचा मजला रिकामा होता. मोठा हॉल, हवेशीर, पाण्याचा नळ. आम्ही मागायला गेलो. अण्णांनी चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "अक्का, आधी दोन मंडळांना जागा दिली. जेवायला सगळे, केर काढायला माझी बायको. आता शिकवणीवाला मागतोय, त्यालाच देणार."

"एक शनिवार-रविवार द्या," मी म्हटलं. "उद्घाटन करतो. बघा आणि मग ठरवा."

त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "द्या की. झाडू कुठं ठेवलाय ते त्यांना दाखवून ठेवा म्हणजे झालं."

एवढंच कबूल झालं. रविवारची जेवणं होईपर्यंत आमची परीक्षा. नापास झालो की सोमवारी किल्ली शिकवणीवाल्याकडे. दुसरी एवढी जागा आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणजे मंडळही बारगळणार.

मी याद्या करते. घरात त्याची चेष्टा होते, पण आमच्याकडे गॅस सिलिंडर अचानक संपत नाही. झाडणं, पाणी, चपलांची रांग, भाजीसाठी अमरगोळच्या मार्केट यार्डात कोण जाणार, प्रत्येक कामापुढे नाव आलं. शेवटी मी ग्रुपवर विचारलं, "पंगतीत वाढायला कोण?" दहा मिनिटांत फोन नुसता वाजत राहिला. आम्ही आहोत, आमच्या घरचे तिघं, धारवाडकडून आम्ही सगळे. असा उत्साह बघून मला भरून आलं. येईल ते नाव मी लिहीत गेले.

शनिवार झकास झाला. धारवाडच्या बायका मिनीबस करून आल्या. हळदीकुंकू झालं, फुगड्या झाल्या, साठीच्या दोघींनी झिम्मा घालून तरण्यांना दमवलं. भेंड्यांत हुबळी विरुद्ध धारवाड जुंपली. बाजारातल्या एक काकू म्हणाल्या, "धारवाडकरांना गाणं येतं हो, पण थांबता येत नाही." पलीकडून एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आणि हुबळीकर टाळीसुद्धा भाव करून देतात." अण्णा मागे उभे राहून हसले, पण किल्लीचं काही बोलले नाहीत.

रविवारी मुलांची पंगत आधी उठली. मग मोठ्यांसाठी केळीची पानं मांडली, मीठ-लिंबू-चटणी वाढून झाली, आणि मी माइकवरून म्हटलं, "पहिल्या पंगतीला बसून घ्या."

कोणी हललं नाही.

"बसा की, तुम्ही लांबून आलात," हुबळीकर म्हणाले.

"लांबून कसलं? वीस किलोमीटर. आम्ही काय परके? आम्ही वाढायला आलोय. तुम्ही बसा."

"आम्ही तर घरचे. घरचे मागून बसतात."

"मग आम्ही कोणाचे?"

आता माझ्या लक्षात आलं. आपल्यात पहिली पंगत पाहुण्यांची. वाढणारा तो घरचा. मी प्रत्येक घराला वाढायला घेतलं होतं, आणि पाहुणा म्हणून कोणी उरलाच नव्हता. मध्ये पानं रिकामी आणि भिंतीला लागून सगळा समाज कमरेला पदर खोचून, बाह्या सरसावून उभा! "ज्यांच्या हातात भांडं नाही ते बसा," मी ओरडले, तर लोकांनी धावत जाऊन पळ्या, डाव, पाण्याचे जग उचलले. एक वकीलसाहेब लिंबांची ताटली छातीशी धरून उभे राहिले.

आचारी वैतागला. "अक्का, मसालेभात गार झाला तर मला नावं ठेवू नका."

दारात अण्णा हे सगळं पाहत होते. मी घाईघाईने गेले. "अण्णा, तुम्ही तरी बसा. तुम्ही आमचे पाहुणे."

अण्णांचा चेहरा उतरला. "माझ्याच माळ्यावर मी पाहुणा?" त्यांनी चप्पल काढली, धोतर वर खोचलं आणि आचाऱ्याच्या हातून आमटीची बादली घेतली. "मी वाढणार."

आणखी एक वाढपी! मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात धारवाडच्या त्या शिक्षिका माझ्या कानाशी आल्या. "अगं, बायका पहिल्या पंगतीला बसलेल्या कधी पाहिल्यास का?"

मी माइक उचलला. "पहिली पंगत बायकांची. वाढणार पुरुष. दुसऱ्या पंगतीला उलट."

एकच हशा पिकला. पदर सुटले, पळ्या नवऱ्यांच्या हातात गेल्या. अण्णांच्या पत्नी मात्र सवयीने मोरीकडे निघाल्या होत्या. दोघींनी त्यांना दंडाला धरून आणलं आणि मधल्या पानावर बसवलं. "कूडरी, कूडरी," बसा हो बसा, असं कन्नडमध्ये दटावत एकीने त्यांच्यासाठी पाट सरकवला.

अण्णा बादली घेऊन ओळीतून येत बायकोपाशी पोचले. सगळ्या बघत होत्या. त्यांनी ओगराळं बुडवलं, तोच खिशातला फोन वाजला. बादली एका हातात धरून त्यांनी तो कानाला लावला.

"हो, बोला. नाही ओ, आता नाही देता येणार... तसं नाही, आमच्याच मंडळाला लागते जागा... ठेवतो, वाढतोय मी."

मी माइक खाली ठेवला.

अण्णांच्या पत्नी वर न बघता म्हणाल्या, "फोन ठेवा आता. आधी भात येऊ दे, मग आमटी. एवढंही कळत नाही?"

अण्णा निमूट भाताच्या मागे जाऊन उभे राहिले.