मागून चालणारी म्होरकी

पुण्याहून मी एकटीच निघाले. मला तसंच आवडतं. आपण कुणाची वाट पाहायची नाही आणि कुणी आपली पाहायची नाही. माधवनगरच्या एका शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण सुनंदा तिच्या शाळेतल्या मुलींना घेऊन यमाईच्या औंधला कॅडेटांच्या शिबिराला जाणार होती. तिने फारच आग्रह केला. शिस्तीचं मला कौतुक बेताचंच, पण औंध पाहिलेलं नव्हतं, म्हणून माधवनगरला त्यांच्या गाडीत चढले.

तासगावचे द्राक्षमळे मागे पडले. विट्यानंतर हिरवळ विरळ होत गेली आणि मुलींची गाणीही थकली. औंधला उतरलो तेव्हा यमाईचा डोंगर समोर लख्ख दिसत होता. पायथ्याच्या माळावर तंबू ठोकलेले होते. न्याहारीला माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण) मिळालं. आचारी त्यात मीठ घालायला विसरला होता, तरी मुली मुकाट पीत होत्या. मी मीठ मागितलं, तेव्हा शिबिराच्या सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेलं माडगं मीही मुकाट संपवलं.

या शिबिरातून एकीची दिल्लीच्या संचलनासाठी निवड व्हायची होती. नकाशा पाहून डोंगराला वळसा घालायचा. जी तुकडी आधी परतेल, तिची म्होरकी दिल्लीला जाणार. सुनंदाच्या तुकडीची म्होरकी होती राणी, जतकडच्या धनगराची पोर.

"दिल्ली झाली की आबा अकरावीला न्हाई म्हणायचं न्हाईत," बूट घासता घासता ती मला म्हणाली. नाहीतर दहावीनंतर घरची मेंढरं होतीच.

त्या दुपारी सराव झाला. राणी तुकडीच्या मागून चालत होती. सुभेदार कडाडले, "लीडर पुढं पायजे! मागं काय करतीस गं?"

"सवय हाय, साब. मेंढरामागनंच चालायचं असतंय. पुढं गेलं की ऱ्हायलेलं दिसत न्हाई."

"ह्या काय मेंढरं हायेत व्हय? पुढं हो. आन् उद्या मान मागं वळली तर बघ."

मुली फिसकन हसल्या. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार, सुनंदा आणि मी शेवटच्या उताराखाली निशाणापाशी उभे राहिलो. आधी राणीचीच तुकडी दिसली. ती पुढे, मान ताठ, नजर समोर. दुसऱ्या तुकडीतल्या, मलकापूरच्या मुली बऱ्याच मागे होत्या. सुनंदाने माझा हात घट्ट धरला. आणि एकाएकी राणीने हात वर करून तुकडी थांबवली.

"चल! थांबतीस का?" सुभेदार ओरडले.

"मागचं पाऊल वाजंना झालंय, साब. कमल ऱ्हायली."

मान न वळवता तिने ते ओळखलं होतं. वळणाआड कमल, तुकडीतली सगळ्यांत धाकटी, पाय धरून बसली होती.

"मागनं जीप येतीया, उचलंल तिला. तू ये!"

राणीने एकदा खालच्या निशाणाकडे पाहिलं. मग वळली आणि उलट चढू लागली. मलकापूरच्या मुली तिच्या शेजारून उतरून गेल्या. आमची तुकडी कमलला दोन्ही बाजूंनी धरून आली, तेव्हा टाळ्या वाजवून संपल्या होत्या. सुभेदारांनी नियमाप्रमाणे निकाल सांगितला. कमलच्या पायाला पट्टी मात्र त्यांनी स्वतः बांधली.

राणी तंबूमागे जाऊन हमसून रडली. सुनंदा म्हणाली, "अकरावीचं मी बोलते आबांशी."

"दिल्ली झाली असती तर बोलायला लागलं नसतं, बाई," राणी म्हणाली. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. जीप येतच होती ना!

शिबिर संपलं आणि आमची गाडी परत निघाली. माधवनगरला मुली भराभर उतरल्या. माझी पिशवी सीटखाली अडकली होती, म्हणून मी मागे राहिले. वर पाहते तर राणी दारापाशी उभी.

"तू जा गं, मी येते सावकाश."

"आवं मावशी, तुमी उतरा आधी. मी हाय मागं."

मी उतरले. माझ्यामागे तिचे बूट पायरीवर वाजले, आणि माझे डोळे भरून आले. तिथेच सुनंदाला म्हटलं, "आबांकडे कधी जायचं ते कळव. मी येते तुझ्याबरोबर."