निळा धूर घेऊन मुलुंडला

शनिवारी सकाळी साडेसातला मी बोरिवलीहून मुलुंडला निघालो. नकाशात पाहिलंत तर ही दोन्ही उपनगरं एकाच डोंगराला पाठ लावून बसली आहेत. मधे नॅशनल पार्क. बिबट्याला हा रस्ता सरळ आहे, माणसाला मात्र अंधेरी-पवईवरून वळसा घालावा लागतो. लोक लडाखला जाऊन आले की लिहितात. मीही जाऊन आलोय. पण या वळशात जेवढी धाकधूक झाली तेवढी तिथे झाली नव्हती.

कारण गाडी. दोन दारांची, लाल, टर्बो. ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करत मी सुरुवात केली, आज माझे स्वतःचे तीन टेम्पो आहेत, पण निव्वळ हौस म्हणून घेतलेली ही एकच वस्तू. तिला पंधरा वर्षं होत आली. सोमवारी आरटीओत पासिंग (गाडी रस्त्यावर ठेवायला परवानगी मिळण्याची तपासणी) होतं आणि गाडी दोन महिन्यांपासून निळा धूर ओकत होती. पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात, असा शब्द मी बायकोला, सुलभाला, देऊन बसलो होतो. भांडणात दिला होता, पण दिला होता.

"डॉमनिककडे ने," ती जिन्यातून म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस."

"बरं, मग भंगारवाल्याचं काढते."

डॉमनिक माझा जुना मेकॅनिक, मुलुंडच्या गावठाणातला. सहा वर्षांपूर्वी त्याच्याशी वाजलं. त्याला गाडीत महागडं सिंथेटिक ऑइल घालायचं होतं. मी टेम्पोंसाठी पिंपानं ऑइल घेतो, दुकानदाराला घाम फोडून भाव पाडतो. म्हटलं, माझंच घाल. तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सावंत, गाडी घ्यायची ऐपत आहे तुझी, ठेवायची नाही." मी तशीच गाडी काढली ती पुन्हा तिकडे नेली नाही. असं बोलणं मी विसरत नाही.

म्हणून आधी अंधेरीला थांबलो. तिथलं सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचं, थंडगार, सोफे, कॉफीचं मशीन. कॉफी फुकट होती, दोन कप घेतले. टायवाला मुलगा टॅबलेट घेऊन आला.

"सर, टर्बो गेलाय. नवीन मागवावा लागेल. सहा आठवडे."

"उघडून बघितलास?"

"नाही सर, धुरावरून कळतं."

"खोकल्यावरून कोणी फुप्फुस बदलतं का रे?"

आवाज चढला माझा. सोफ्यावरची माणसं माना वळवून बघायला लागली. मुलगा बिचारा "सर, सर" करत राहिला. मी किल्ली घेतली आणि बाहेर पडलो. फ्लायओव्हरखाली पाच मिनिटं उभा राहिलो. सोमवार दोन दिवसांवर होता. मग नाइलाजानं गाडी पवईकडे वळवली.

जोगेश्वरीहून पवईकडे जाताना चढ लागतो. चढावर टर्बोला जोर येतो, सीट पाठीला ढकलते, आणि इतक्या वर्षांनंतरही माझ्या तोंडावर हसू येतं. त्या दिवशी मात्र आरशात मागचा रस्ता दिसेना, एवढा धूर. सिग्नलला नेहमीसारखं मी लगेच इंजिन बंद केलं. पेट्रोल वाचवायची जुनी सवय. शेजारच्या रिक्षावाल्यानं मुंडकं बाहेर काढलं.

"काका, डास मारायचं कंत्राट घेतलंत काय?"

मी त्याला दोन शब्द सुनावणार होतो, पण सिग्नल सुटला. डावीकडे पवईचा तलाव लागला. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा पट्टा, काठावर पाठीला पाठ लावून बसलेलं एक म्हातारं जोडपं. एवढं पाहून जरा शांत झालो.

मुलुंडचं गावठाण मुख्य रस्त्यापासून शंभर पावलांवर असेल, पण आत शिरलं की टॉवर दिसेनासे होतात. अरुंद गल्ली, झेंडूची माळ घातलेला क्रूस, ओसरीवर वाळत टाकलेल्या लाल मिरच्या. फणसाच्या झाडाखाली डॉमनिकचं गॅरेज. मी गाडी लावली, किल्ली फिरवली, उतरलो. काय बोलायचं ते घोकूनच आलो होतो.

डॉमनिक चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आला. सहा वर्षांत केस पार पिकले होते. ना नमस्कार, ना काही.

"लगेच बंद केलीस? घाटासारखा चढ चढून आलीय ती. चालू कर. दोन मिनिटं दम घेऊ दे."

मी मुकाट्यानं चालू केली.

"टर्बो आत निखाऱ्यासारखा तापलेला असतो," तो म्हणाला. "इंजिन चालू आहे तोवर ऑइल फिरतं, त्याला थंड करतं. तू बंद केलंस की फिरणं थांबलं. आत उरलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा. सिग्नललाही बंद करतोस ना?"

"पेट्रोल वाचतं."

"वा! पेट्रोल वाचवलंस आणि टर्बो तळलास."

गरम गाडी तो उघडत नाही. तासभर थांबायचं होतं. त्याच्या बायकोनं, फिलोमिनानं, ओसरीवर पानं मांडली. फुगे (पिठाचे तळलेले पोकळ गोळे) आणि बाटली मसाल्यातलं (उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला मसाला) कोंबडीचं कालवण. "वाळलात भाऊ," ती म्हणाली. मी वाळलेलो नाही, चांगला सुटलोय; पण बरं वाटलं. सहा फुगे खाल्ले. डॉमनिक समोर बसून जेवला.

त्याची एक रीत आहे. जो भाग काढेल तो आधी मालकाच्या हातात देतो, मगच पुढचं बोलतो. आधी त्यानं हवेचा पाइप काढला आणि टर्बोचा दांडा माझ्याच दोन बोटांनी हलवायला लावला. "आतबाहेर होतो?" नाही. "बाजूला?" किंचित. "मग टर्बो जिवंत आहे." मग तो गाडीखाली गेला आणि बऱ्याच वेळानं एक वाकडी नळी घेऊन आला. टर्बोतलं ऑइल हिच्यातून खाली परत येतं. नळी माझ्या तळहातावर ठेवली.

मी एका टोकानं उजेडाकडे पाहिलं. उजेड दिसेना. आत काळा थर, कढईच्या बुडाशी बसतो तसा. ऑइलला परत जायला वाट नव्हती, म्हणून ते सायलेन्सरकडे फुटत होतं. हाच तो निळा धूर.

"कुठलं ऑइल घालतोस?"



"टेम्पोचंच," मी म्हणालो.

मला वाटलं आता हसेल, गल्ली गोळा करेल. तो फक्त चष्मा पुसत राहिला. त्याचाच मला राग आला.

"माहीत होतं तर फोन करून सांगायचंस!"

"दोनदा केला. पहिल्याच महिन्यात. तू उचलला नाहीस."

खरं होतं. स्क्रीनवर नाव बघून मी फोन उलटा ठेवला होता, दोन्ही वेळा. गिऱ्हाईक सुटलं म्हणून भाव कमी करायला फोन करत असेल, असं समजून.

नळी मीच साफ केली. तार घेतली आणि रॉकेलच्या डब्यात बुडवून बुडवून तासभर खरवडली. वेल्डरचे हात अजून शाबूत आहेत. तोवर त्यानं जुनं ऑइल उतरवलं, फिल्टर बदलला, तांब्याचे वॉशर नवे घातले, हवेच्या दोन नळ्या दाबून दाखवल्या. पंधरा वर्षांत रबर पापडासारखं झालं होतं. त्याही बदलल्या. ऑइल त्यानं आणलं ते घातलं. भाव विचारला नाही मी.

तीन वाजता गाडी चालू केली. ढगच्या ढग निळा धूर! माझा चेहरा पडला.

"सायलेन्सरमधे जुनं ऑइल साठलंय, ते जळायला हवं," डॉमनिक म्हणाला. "अंधेरीनं जाऊ नको. घोडबंदरनं जा, चढावर ताण दे."

"तू चल."

त्यानं फिलोमिनाकडे पाहिलं, शर्ट चढवला आणि बसला.

अशी डोंगराची प्रदक्षिणा पूर्ण झाली. ठाण्यापर्यंत मागचे हॉर्न मारत होते. गायमुखच्या घाटात मी पाय दाबला. उजवीकडे खाडी, डावीकडे जंगल, आणि माझे डोळे आरशात. अर्ध्या घाटात धूर पांढुरका झाला, मग विरळ. वर पोचलो तेव्हा आरशात नुसता रस्ता होता. डॉमनिक खिडकीतून हात बाहेर काढून बसला होता.

बोरिवलीत इंजिन दोन मिनिटं चालू ठेवूनच बंद केलं. सुलभा खाली आली. डॉमनिकनं सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवून तिला दिलं. तिनं ते चिमटीत चोळून पाहिलं. कोरडी काजळी, तेलकटपणा नाही.

"दोघंही आधी हात धुवा," ती म्हणाली. भंगारवाल्याचा विषय तिथेच संपला.

सोमवारी पासिंग झालं.

तुमच्याकडे अशी म्हातारी टर्बो असेल तर सकाळी तिला हळू चालवा, थांबल्यावर दोन मिनिटं द्या, तिचं ऑइल तिलाच घाला, टेम्पोचं नको, आणि कोणी टर्बो बदला म्हणालं तर आधी नळी हातात मागा. एवढं मी शिकलो. ते मला सहा वर्षांपूर्वी दोन रिंगमधे फुकट मिळत होतं, आणि फुकटचं सोडल्याचं दुःख माझ्यासारख्याला किती होतं ते माझं मलाच ठाऊक. हल्ली डॉमनिकचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. बहुतेक वेळा तो शिव्याच देतो. मीही देतो.