श्रीशैलच्या वाटेवरची गिरणी

यजमान गेल्यानंतर वर्षभर मी देवाशी बोलले नाही. भांडले असते तरी काही नातं उरलं असतं, पण मी भांडलेही नाही. सोलापुरातल्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. कारणाशिवाय काही घडत नाही, हे मुलांना सांगत आले. त्यांचं हृदय अचानक थांबलं त्यालाही कारण होतंच. डॉक्टरांनी ते समजावून सांगितलं आणि मला समजलंही. समजून हाती काही लागलं नाही, एवढंच. घरात मी आणि माझ्या सासूबाई दोघीच उरलो. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. वय ब्याऐंशी, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. पोटचा मुलगा गेला तरी त्या रोज सकाळी कपाळाला विभूती लावत. ते पाहून मला कधी नवल वाटे, कधी रागही येई.

एके दिवशी भाकरी खाता खाता त्या म्हणाल्या, "मल्लय्याला एकदा हात लावून यावं म्हणते. न्हेतीस का गं?"

श्रीशैलचा मल्लिकार्जुन आमचं कुलदैवत. सोलापुराहून पाचशे किलोमीटरच्या वर. मी हो म्हटलं ते भक्तीने नव्हे, हे कबूल करते. यजमानांनी हौसेने विजेवरची गाडी घेतली होती आणि त्यांच्यामागे ती मीच चालवत होते. त्या गाडीचं मला फार कुतूहल. चढाला चार्ज किती जातो, उतारावर पाय उचलला की चाकं उलट बॅटरी कशी भरतात, एसी लावला तर किती किलोमीटर कमी होतात, हे मी गावातल्या गावात पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं. लांबच्या रस्त्यावर आणि पुढे घाटात ती कशी वागेल, हे मला बघायचं होतं. अव्वांना मल्लय्या हवा होता आणि मला घाट.

पहिला दिवस छान गेला. वाटेत एका ठिकाणी गाडी चार्जिंगला लावून आम्ही जेवलो आणि संध्याकाळी हैदराबादला माझ्या भाचीकडे मुक्कामाला पोचलो. तिच्या इमारतीत गाडी चार्ज करायची सोय नव्हती. सकाळी निघताना ती म्हणाली, "मावशी, शहरातच पूर्ण भरून घे. पुढे भरवसा नाही." बॅटरी निम्म्याला आली होती. पण मोबाईलवर पुढच्या रस्त्यावर दोन चार्जिंगची ठिकाणं दिसत होती, आणि माझा हिशेब पक्का होता. वर्षभरात मला एक खोड लागली होती, कुणाचं ऐकायचं नाही. कुणाची मदत घेतली की आपण एकटे पडलोय हे मान्य करावं लागतं, म्हणून असेल.

पहिल्या ठिकाणी यंत्राचा पडदा काळा. दुसऱ्या ठिकाणी यंत्रावर पोतं बांधलेलं. तिथून मागेही जाता येईना आणि पुढेही. चौदा टक्के उरले होते आणि श्रीशैल अजून शंभराच्या वर किलोमीटर, त्यात नल्लमलाचं जंगल. जंगलाचं फाटक रात्री बंद होतं हेही ठाऊक होतं. मी एसी बंद केला आणि गाडी अगदी सावकाश चालवू लागले. ऊन मी म्हणत होतं. थोड्या वेळाने अव्वा बोलेनाशा झाल्या. बघते तर त्यांना दरदरून घाम फुटलेला, ओठ पांढरे, हात थरथरताहेत. त्यांना मधुमेह आहे. सकाळी इंजेक्शन घेऊन त्यांनी नीट खाल्लंच नव्हतं आणि माझं लक्ष सगळं त्या टक्क्यांवर. मी गाडी चिंचेखाली घेतली आणि डब्यातली साखर त्यांच्या जिभेवर ठेवली. मोबाईलला रेंज नव्हती. तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाले, "मला काही सुचत नाही रे आता." कुणाला म्हणाले, ते मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही.

गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येतं. लांबून गिरणीची धडधड येत होती. जिथे गिरणी तिथे विजेची जोडणी दमदार असणार, एवढं विज्ञान मला येतं. आवाजाच्या दिशेने कच्च्या रस्त्याला वळले.

पत्र्याची शेड, बाहेर डबे घेऊन सात-आठ बायका बसलेल्या, आणि आत पिठाने पांढरी झालेली पन्नाशीची एक बाई. मी मोडक्या हिंदीत सांगू लागले. तिचं लक्ष गाडीच्या नंबराकडे होतं.

"सोलापूरच्या हाय का तुमी?" ती म्हणाली.

"हो. पण तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

"मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होते की! टॉवेलला किनार शिवत होते अठरा वर्षं. सासू आजारी पडली म्हणून गावाकडं आलो आमी." एवढं बोलून ती गाडीत डोकावली आणि तिचा आवाजच बदलला. "अगं बाई, म्हातारीला उतरवा आधी."

तिने आणि आणखी दोघींनी अव्वांना बाजेवर निजवलं, गुळाचं पाणी पाजलं, मग कालवलेला ताकभात भरवला. अर्ध्या तासात अव्वांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग मी भीत भीत गाडीचं विचारलं.

"सॉकेट मोठं हाय," ती म्हणाली, "पण गिरणी आणि गाडी संगट चालली तर फ्यूज उडतंय. किती वेळ लागंल?"

"पाच तास," मी म्हणाले. म्हणतानाच लाज वाटली.

ती बाहेरच्या बायकांशी तेलुगूत बोलली. त्यातला 'मल्लन्ना', म्हणजे आमचा मल्लय्या, एवढाच शब्द मला कळला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने आपला ज्वारीचा डबा उचलून भिंतीला लावला, मग दुसरीने. गिरणी थांबली.

"आज संध्याकाळी दळू म्हणतायत," ती म्हणाली. "पण अक्का, एक सांगते. लाईनचं काम चाललंय, आठ दिवस झाले रोज दोनला लाईट जाती ती पार सांजंला येती. आज काय हुतंय, बघा."

मी गाडी लावली. बारा वाजले होते. दोन तासांच्या चार्जमध्ये जंगल पार होणार नाही, हे मला तोंडपाठ होतं. पण करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पीठ सांडलेल्या जमिनीवर, भिंतीला टेकून बसले. वर्षभरात पहिल्यांदा मी नुसती बसले होते. दोन वाजले. मी शेडमधल्या दिव्याकडे बघत होते. दिवा जळत राहिला. अडीच झाले, तीन झाले. अव्वा आणि त्या बायका कानडी-तेलुगूची सरमिसळ करून हसत होत्या. कुणीतरी अव्वांना मुलंबाळं विचारली असावीत. त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे. त्या क्षणी माझा बांध फुटला. गिरणीवाली काही न विचारता शेजारी येऊन बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून राहिली. तिच्या हाताचं पीठ माझ्या साडीला लागलं.

पाचला मी वायर काढली, तोवर वीज गेली नव्हती. दिवे लागायच्या आत आम्ही जंगलाच्या फाटकातून पुढे गेलो. घाटात कृष्णेकडे उतरताना बॅटरीचा आकडा एकेक टक्का वर चढत होता. त्याचं कारण मला माहीत आहे. तरी त्या संध्याकाळी मी ते शाळेतल्या पोरीसारखी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लय्याचं दर्शन झालं. तिथे पिंडीला हात लावू देतात. अव्वांनी दोन्ही तळवे टेकवले आणि डोळे मिटले. मीही कपाळ टेकवलं. काही मागितलं नाही. दगड गार होता, आणि मला बरं वाटलं. बाहेर पुजाऱ्यांनी संकल्पासाठी नावं विचारली. अव्वांचं सांगितलं, माझं सांगितलं, आणि तिसरं नाव सांगायला गेले तर तोंड उघडंच राहिलं. पाच तास जिच्या दारात बसले, तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

पुजारी थांबले होते. अव्वा पुढे झाल्या. "नम्म मगळु," त्या म्हणाल्या. आमची लेक. पुजाऱ्यांनी मान हलवली आणि मंत्र सुरू केला.

परतीला आम्ही गिरणीवर थांबलो. तिचं नाव भाग्यम्मा. त्या दिवशी लाईनवाले का आले नाहीत, हे मी विचारलंच. तिलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा यायला लागले होते आणि दोनला वीज जात होती. काही कारण असेलच. कुणाची गाडी बिघडली असेल, कुणाच्या घरी लग्न असेल. ते शोधून काढायची उत्सुकता मला अजूनही आहे, पण पूर्वीसारखी घाई नाही. हिशेब मी आजही करते. फक्त तो जिथे संपतो तिथे मी हात जोडून थांबते, आणि कुणी पुढे आलं तर त्याला नको म्हणत नाही.