जर्मनकाकूंचं प्रतिज्ञापत्र

जर्मनकाकू काम हातात घेतल्यावर पहिला अर्धा तास काहीच करत नसत. कर्वेनगरमधल्या आपल्या गॅलरीत, जर्मन कोर्टाचा आदेश मांडीवर ठेवून, समोरच्या बहाव्याकडे बघत बसायच्या. तिकडची एखादी कंपनी बुडाली, की तिची आवराआवर करायला तिथलं कोर्ट लिक्विडेटर नेमतं. कंपनीचं काही पुण्यात असेल तर त्याला आधी इथल्या कोर्टाची मान्यता लागते, आणि त्यासाठी आदेशाचं भाषांतर. आमच्या ऑफिसात ते काम काकूंचंच. मी नवखी वकील, मला सदा घाई. "अगं, माणूस गेला तर रडायला चार लोक असतात," त्या म्हणायच्या, "कंपनी गेली की सगळे नुसते कागद मागतात. थांब जरा."

जर्मनीला त्या कधीच गेल्या नव्हत्या. तरी आदेशातल्या पत्त्यावरून त्यांना अख्खं गाव दिसू लागे. कारखान्यामागून नदी वाहते आहे, भोंगा आता वाजत नाही, कॅन्टीनच्या खिडकीत कुणाची तरी कुंडी तशीच राहून गेली आहे, असं त्या अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सांगायच्या. हातातला चहा निवून जायचा. ऐकता ऐकता खालचा रिक्षांचा गोंगाट मलाही ऐकू येईनासा व्हायचा. भाषांतर मात्र चोख. चाळीस वर्षांत कोर्टाने त्यांचा एक शब्द परत पाठवला नव्हता, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

एकदा मात्र घात झाला. लोणी काळभोरजवळच्या एका गोदामाचं प्रकरण होतं. कोर्टाने लिक्विडेटरला मान्यताच नाकारली, कारण जर्मन आदेश अंतिम असल्याचं भाषांतरात कुठेच नव्हतं. मूळ आदेशात ते होतं, शेवटच्या पानाच्या पाठीवर, एका फिकट शिक्क्यात. काकू आपल्या नदीकाठी रमल्या आणि पान उलटायचं राहिलं. आम्हीही कुणी उलटलं नाही.

अपिलाच्या वेळी आमचे सीनियर वकील त्यांच्या घरी गेले. सोबत मी होते. "काकू, पाठची बाजू झेरॉक्समध्ये आलीच नाही, असं लिहू. तुमचं नाव राहील."

"मूळ प्रत माझ्या मांडीवर होती. मी पाहिलं नाही, एवढंच लिहा."

"अहो, पुन्हा तुम्हाला कुणी काम देणार नाही."

"मग दुपारी झोपेन."

तसंच प्रतिज्ञापत्र त्यांनी दिलं. त्याच्या जोरावर शिक्का दाखल झाला, अपील मंजूर झालं, लिक्विडेटरला मान्यता मिळाली. सीनियरांनी पेढे वाटले, आणि पुढचं जर्मन काम दुसऱ्या बाईंकडे पाठवलं. तो लिफाफा पोचवायला मीच निघाले होते. काकूंच्या गल्लीतून जवळ पडतं म्हणून वळले, तर गॅलरीतून हाक आली. मी लिफाफा घाईघाईने ओढणीखाली घेतला. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "वर ये. सरबत केलंय."

काकूंशी माझं ते शेवटचं बोलणं. कोर्टात तारीख आहे, उशीर होतोय, असं मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी रविवार होता.