टेबलावर राहिलेली फाइल

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणत. तिने घडी घातलेली चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील, अशी थट्टा होती. उमेदीची सगळी वर्षं तिने तिथेच काढली. एका सकाळी चादरीबरोबर तिचा उजवा हात इस्त्रीच्या गरम रोलरमध्ये ओढला गेला. हात वाचला, पण बोटं आता मिटत नाहीत.

रोलरच्या तोंडाशी लोखंडी जाळी असायला हवी होती. जाळीत चादरी अडकत, काम मागे पडे, म्हणून ती काढून ठेवली होती. हॉस्पिटलच्या अहवालात जाळीचा उल्लेखच नव्हता. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढंच होतं.

बाई सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत एकटी राहते. लग्न झालेलं नाही. जवळचं म्हणावं असं माणूस म्हणजे मोठी बहीण. अपघातानंतर तिच्याकडे जेवायला गेली, तर भावोजी म्हणाले, “लक्ष कुठे होतं तुझं? यंत्रासमोर स्वप्नं बघत होतीस की काय?” बहीण वाढत राहिली. त्यानंतर बाईचं तिकडे जाणं कमी झालं.

तिचं सगळं म्हणणं पहिल्यांदा कुणी ऐकून घेतलं असेल, तर ते हॉस्पिटलवर भरपाईचा दावा लावायला ती ज्यांच्याकडे गेली, त्या वकिलांनी. कोर्टामागच्या गल्लीत त्यांचं ऑफिस. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “बाई, चूक तुमची नाही. जाळी नव्हती, यात सगळं आलं.”

हे वाक्य ऐकायला ती दर गुरुवारी जाऊ लागली. हाताचे व्यायाम आटोपले की थेट तिकडे. विचारायला दर वेळी काहीतरी असे: कुठला कागद राहिलाय का, सही लागेल का. वकील फाइल उघडत, चाळत, तेच पुन्हा सांगत. चहा मागवताना म्हणत, “तुमचा कडकच सांगतो, नावाला शोभेल असा.” आठवड्यात एवढाच काय तो तिचा कुणाशी बसून चहा.

वकिलांची कामाची एक पद्धत होती. भिंतीवर लाकडी खण होते, प्रत्येक महिन्याचा एक. ज्या महिन्यात दाव्याची मुदत संपायची, त्या महिन्याच्या खणात फाइल. महिना लागला की खण रिकामा करायचा आणि त्यातले दावे दाखल करायचे. कडकबाईची फाइल मात्र दर आठवड्याला बाहेर निघे. हळूहळू ती टेबलावरच राहू लागली. तिचा महिना आला, खण रिकामा झाला. त्यात ती फाइल नव्हती. मुदत टळली, त्यानंतरच्या गुरुवारीही दोघं त्या फाइलच्या दोन बाजूंना बसून चहा प्यायले.

चूक लक्षात आल्यावर वकिलांनी लपवालपवी केली नाही. “बाई, मुदत गेली. आता दावा घेणार नाहीत.”

“मग माझी चूक नव्हती, हे ठरवणार कोण?” तिने विचारलं.

आता एकच मार्ग उरला होता. हलगर्जीपणाबद्दल वकिलांवरच दावा लावायचा. तो निकाली काढताना मूळ दावा टिकला असता का, हे न्यायालयाला तपासावंच लागतं. पण गावातला एकही वकील तयार होईना. एकजण स्पष्टच म्हणाला, “दुपारी आम्ही एका टेबलावर डबा खातो, बाई. उद्या मी कुठे बसू?” शेवटी दुसऱ्या गावची एक वकीलबाई मिळाली.

समोरून लेखी कैफियत आली. मुदत चुकली हे मान्य. पण दावा वेळेत गेला असता तरी हरलाच असता, कारण दोष त्या स्त्रीचाच होता.

“हे त्यांनी लिहिलंय?” कडकबाईने विचारलं.

“लिहिलंय त्यांच्या वकिलाने, सही त्यांची आहे. दाव्यातून सुटायचं तर त्यांना हेच म्हणावं लागतं.”

वकिलांनी अशा चुकांसाठी विमा उतरवलेला होता; पाठोपाठ त्या विमा कंपनीने तडजोड पुढे केली. दोष कुणाचा हे न ठरवता पैसे घ्यायचे आणि दावा मागे घ्यायचा. बहीण जिना चढून आली. “मिळतंय ते घे नि मोकळी हो. ठरवून काय करणार आहेस?”

“तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवणार आहे.”

बहीण हसायला लागली, आणि मध्येच थांबली.

सुनावणीत हॉस्पिटलच्या निवृत्त फिटरने सांगितलं की जाळी बॉयलरमागे पडलेली असे. मग वकील साक्षीला उभे राहिले. वकीलबाईने विचारलं, “फाइल खणात का नव्हती?”

“बाई दर गुरुवारी यायच्या. काम नसायचं, मला माहीत होतं. पण येऊ नका, असं कसं सांगणार? काहीतरी चाललंय असं त्यांना दिसावं, म्हणून फाइल बाहेरच ठेवत गेलो.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कडकबाईने मान खाली घातली.

“‘चूक तुमची नाही’ असं तुम्ही त्यांना सांगत होता. ते खोटं होतं?”

त्यांच्या वकिलाने हरकत घेतली, ती फेटाळली गेली.

“खोटं नव्हतं,” वकील म्हणाले. “आजही मला तसंच वाटतं.” त्यांच्या वकिलाने हातातलं पेन खाली ठेवलं.

निकाल तिच्या बाजूने लागला. यंत्राला जाळी नव्हती, कामगाराचा दोष नव्हता, दावा वेळेत आला असता तर मान्य झाला असता. न्यायाधीशांनी ही वाक्यं एका सुरात वाचली आणि पुढचं प्रकरण पुकारलं. वकीलबाईला परतीची बस गाठायची होती, ती हात हलवून निघाली. बहीण आली नव्हती. हे ज्याला सांगावं असा एकच माणूस तिथे होता, आणि तो आत्ताच तिच्याविरुद्ध हरला होता.

ते बाहेर येईपर्यंत ती दाराशी उभी राहिली.

“साहेब, ऐकलंत ना?”

“ऐकलं, बाई.”

“तुम्ही म्हणत होता, तेच न्यायाधीश म्हणाले.”

“हो.”

आणखी काही बोलावं असं दोघांनाही वाटलं असावं. तेवढ्यात त्यांच्या वकिलाने जिन्यावरून हाक मारली, आणि ते खाली गेले.