सक्ती नको म्हणणारे अकरा जण

अकरा माणसं मिळून पक्ष काढतात तेव्हा कामं किती होतात देव जाणे, किस्से मात्र पोत्यानं साठतात! सांगताना हसायला येतं. आताशा मात्र एका किश्शाशी येऊन थांबतो.

आमचा पक्ष स्वातंत्र्याचा आणि खुल्या बाजाराचा. ऑफिस म्हणजे दुर्गदबैलच्या बाजारातलं आमच्या अध्यक्षांचं, अण्णांचं, कापडदुकान. पहिला नियम अण्णांनीच केला, "कुणी कुणावर सक्ती करायची नाही." झालं! मीटिंगची वेळसुद्धा ठरेना. मी पाचला जाऊन परत यायचो, दुसरा सातला. महिनाभर आम्ही रस्त्यातच भेटत होतो.

*

निवडणुकीत केशवापुरात प्रचाराला गेलो. अण्णा एका दारात हात जोडून म्हणाले, "पटलं तर मत द्या. नाही पटलं तर अजिबात देऊ नका."

"मग एवढ्या उन्हाचं आलात कशाला हो?" बाई म्हणाल्या आणि पाणी आणून दिलं.

*

अण्णांच्या समोरच दुसरं कापडदुकान निघालं. अण्णा स्वतः पेढे घेऊन गेले. "स्पर्धा हवीच!" दिवाळीत सगळं गिऱ्हाईक तिकडे. अण्णांच्या पत्नी म्हणाल्या, "ठोका आता भाषण!"

अण्णांनी ठोकलंही. ऐकायला मी एकटा.

*

दुकानाबाहेर शांतक्का लिंबू-मिरचीचा गाडा लावायची. तिचं घर त्या गाड्यावरच चालायचं. एक दिवस गाडा हलवायची महापालिकेची नोटीस घेऊन ती रडत आली. आम्ही असे उसळलो म्हणून सांगू! लगेच अर्ज लिहायला बसलो. 'विनंती' लिहायचं की 'मागणी', यावर दोन आठवडे भांडलो. अर्ज कोराच राहिला.

शेवटी अण्णा म्हणाले, "शांतक्का, भिऊ नकोस. सुनावणीला आम्ही अकराही जण येतो, तुझ्या बाजूनं बोलायला."

आमच्यात 'चल रे' म्हणून फोन करायची पद्धत नाही. सुनावणीच्या दिवशी मला वाटलं, बाकीचे दहा आहेतच की. मी विद्यानगरात भाचीच्या ॲडमिशनला गेलो. अण्णांनाही तसंच वाटलं. सगळ्यांनाच वाटलं! त्याच संध्याकाळी गाडा उचलून नेला. अजून आठवलं की लाज वाटते.

*

दुसऱ्या दिवशी गेलो, तर शांतक्का फूटपाथवर टोपली घेऊन बसली होती. तीच म्हणाली, "काल सुनावणीला बाकावर तुम्हा सगळ्यांची जागा धरली होती. लोक उठ उठ म्हणत होते, मी पिशवी हलवली नाही."

मग ती जरा पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "कुणी दम दिला का हो तुम्हाला, येऊ नका म्हणून? सांगा, मी येते बरोबर, तुमच्या बाजूनं बोलायला."