पाठ फिरवण्याआधीचा सलाम

मी आयुष्यात पहिल्यांदा फेकलेला गोळा तोफेचा होता. आमच्या तालुक्याच्या गावी पडक्या गढीच्या बुरुजाखाली असे चार-दोन गोळे मातीत रुतून बसलेले असत. शाळेच्या ड्रिल मास्तरांनी त्यातला एक उकरून आणवला, चिंचेच्या सावलीत चुन्याचा गोल आखला आणि आम्हाला म्हणाले, "फेका." त्याचं वजन किती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे हैदराबादला कॉलेजात आलो आणि खरा गोळा हाती आला, तेव्हा तो मला इतका हलका वाटला की मी मागे वळून पाहिलं, कुणी थट्टा तर करत नाही ना! त्या मास्तरांचे उपकार मी अजून फेडतोच आहे.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. निकाल सांगायला गावी गेलो, तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे आता शाळा सुटली का?" शाळा सुटली नव्हती. ज्या कॉलेजने मला शिकवलं, त्यानेच मला ड्रिल मास्टर म्हणून ठेवून घेतलं. जागा हंगामी होती. सकाळी सगळ्यांची कवायत घ्यायची आणि संध्याकाळी ज्यांना हौस असेल त्यांना गोळा, थाळी, भाला शिकवायचा. संध्याकाळचं हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं, पण माझा दिवस खरा तेव्हाच सुरू व्हायचा.

प्रांतरचना झाली ती त्याच सुमाराला. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि आमचं शहर आंध्रात आलं. नारायणगुड्याच्या आमच्या गल्लीत रोज कुणाच्या तरी ट्रंका रिक्षात चढायच्या आणि नामपल्ली स्टेशनकडे निघायच्या. ओळखीचा माणूस भेटला की "कसं काय" असं विचारत नसे. विचारायचा, "तुमचं काय ठरलं?"

माझं ठरवणं माझ्या हातात नव्हतं. ते नव्या प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातात होतं. ते किनारपट्टीकडून आले होते. पांढरं स्वच्छ धोतर, गळाबंद कोट आणि शांत इंग्रजी बोलणं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मास्टारू, तुम्ही मुलांना कुठल्या भाषेत शिकवता?"

"इथल्या हिंदुस्तानीत, सर."

"या वर्षी आमच्याकडची बरीच मुलं आली आहेत. त्यांना तुमची हिंदुस्तानी कळत नाही. तुम्हाला तेलुगू येतं?"

"नाही, सर."

"मग त्यांना कसं शिकवणार?"

ते रागावले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"वार्षिक सामने होऊ द्या," ते म्हणाले. "मी बघायला येईन. मग तुमच्या जागेचं ठरवू. कवायत काय, ती कुणीही घेईल."

तेव्हा माझी सगळी भिस्त एका मुलावर होती. जुन्या शहरातल्या एका तालमीच्या उस्तादांचा हा नातू. दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागायचा, एवढा रुंद. स्वभावाने मात्र लाजाळू. गोळा तो नुसत्या ताकदीने फेकायचा आणि बराच लांब फेकायचा. पण ताकद जिथे संपते तिथे त्याचा गोळाही संपत होता.

वाचनालयात मला परदेशी खेळांचं एक जुनं मासिक सापडलं होतं. त्यात गोळा फेकण्याच्या नव्या पद्धतीची चित्रं ओळीने छापली होती. फेकणारा मैदानाकडे चक्क पाठ करून उभा राहतो, वाकतो, तसाच पाठमोरा सरकत जातो आणि शेवटच्या क्षणी गर्रकन वळून गोळा सोडतो. मी ती चित्रं कागदावर उतरवून घेतली आणि पहाटे मैदानावर कुणी नसताना स्वतः करून पाहिली. पहिले काही दिवस मी नुसता पडत होतो. एकदा जमलं, आणि गोळा हातातून असा गेला की जणू मागून कुणी ढकलला.

मुलाला दाखवलं, तर तो मान हलवायला लागला.

"नक्को सार. पीठ नै फेरतूं मैं. तालीम में पीठ फेरे तो दादा मार डालते." दादा म्हणजे त्याचे आजोबा, उस्ताद.

"अरे, ही कुस्ती नाही."

"वो तो हौ. पन सामने बडे लोगां बैठे रहते ना? उनकू पीठ दिखाऊं? क्या बोलते लोगां, इसकू तमीज नै बोलके!"

मी हसलो, पण तो खरंच घाबरला होता. या शहरात मोठ्या माणसासमोरून निघतानासुद्धा चार पावलं उलटं चालत जायची रीत. आणि सामन्यांच्या दिवशी पाहुण्यांचा शामियाना नेमका समोर, गोळा पडतो त्याच्याही पलीकडे असायचा, म्हणजे त्यांना फेकणाऱ्याचा चेहरा दिसावा. तिथे पहिल्या रांगेत त्याचे आजोबा बसणार होते.

"सामन्याचं सामन्याला बघू," मी म्हणालो. "इथे तर कुणी नाही."

सरावात तो वळायचा, पण अर्ध्यातच त्याचा डावा खांदा समोर धावायचा. सगळी ताकद आधीच सांडून जायची. तोंडाने सांगून थकलो, तेव्हा मी खांद्यावरचा पंचा काढला. एक टोक त्याच्या डाव्या हातात दिलं आणि दुसरं धरून मी वर्तुळाच्या मागे, त्याच्या तोंडासमोर उभा राहिलो. तो पाठमोरा सरकला की पंचा ताणला जायचा आणि त्याचा खांदा माझ्याकडे राहायचा. पाय रोवले गेले की मी सोडून द्यायचो. त्या दिवसापासून आमचं बोलणं कमी झालं आणि पंचाच बोलायला लागला.

सामन्यांच्या दोन दिवस आधी गावाहून दादा आला. माझा थोरला भाऊ. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी आणि एक निरोप. गावच्या शाळेत ड्रिल मास्तरची जागा निघाली होती, कायमची. हेडमास्तर ती माझ्यासाठी राखून होते.

संध्याकाळी तो मैदानावर आला आणि बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला.

"काय करलालास रे इथं?" शेवटी त्याने विचारलं.

"गोळा शिकवतोय, दादा."

"गोळा फेकलालाय तो. तू नुसता पंचा धरून उभा हाईस. त्याचा पगार देतेत व्हय?"

"या महिन्यात देतात. पुढचं माहीत नाही."

"मग गावाकडं चल की. आपली बोली, आपली माणसं. इथं कुणाला धरून बसलास?"

तेवढ्यात माझा पंचा टर्रकन फाटला. मुलगा धाडकन बसला आणि ओशाळून अर्धा तुकडा हातात घेऊन माझ्याकडे बघायला लागला. दादा उठला. आपल्या खांद्यावरचा जाडाभरडा पंचा त्याने झटकला आणि माझ्याकडे फेकला.

"हे धर. पेठेतला नव्हं, कोष्ट्याच्या मागावरचा हाय. बैल बांधला तरी फाटणार न्हाई."

गावी काय आहे, हे मला कळत होतं. कायमची जागा, आई, ओळखीच्या वाटा. पण तिथे मुलं चौदा-पंधराव्या वर्षी शाळा सोडून जायची. शिकवलेलं फळाला यायचं वय मला फक्त इथे भेटत होतं. दादाला हे सांगता आलं नाही. एवढंच म्हणालो, "सामने होऊ दे."

सामन्यांच्या दिवशी शामियाना होता तिथेच होता. मधल्या कोचावर प्रिन्सिपॉलसाहेब, शेजारी फेटा बांधलेले उस्ताद. मुलाने पहिली फेक केली ती जुन्या पद्धतीने, तोंड समोर ठेवून. दुसरीही तशीच. गोळा रोजच्याच जागी पडला. मी दोरीला धरून उभा होतो. माझ्यामागे दादा.

"घाबरलंय लेकरू," तो पुटपुटला.

तिसऱ्या वेळी मुलगा वर्तुळात आला आणि थांबला. त्याने गोळा पायाशी ठेवला. शामियान्याकडे बघून कमरेत वाकून उजव्या हाताने सलाम केला, परवानगी मागावी तसा. लोक हसले. उस्तादांचा हात नकळत कपाळाकडे गेला. मग त्याने गोळा उचलला, मानेशी लावला आणि सगळ्या थोरामोठ्यांकडे पाठ फिरवली.

हसणं थांबलं. तो वाकला, सरकला, वळला. गोळा पडला तो त्याच्या आधीच्या खुणांच्या बराच पुढे, इतका की शामियान्यातल्या पुढच्या रांगेने पाय मागे घेतले.

आणि पंचांनी लाल झेंडा वर केला. फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते.

"पीठ फेर के फेंकना कौनसे कायदे में है?"

मी दोरीखालून आत गेलो. काही बोलणार तोच प्रिन्सिपॉलसाहेब कोचावरून उठून आले. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "नियम काय आहे?" मी पाठ होता तसा म्हणून दाखवला. वर्तुळातून बाहेर पाय पडता कामा नये, पुढच्या लाकडी पट्टीच्या माथ्याला पाय लागता कामा नये, गोळा खांद्यापासून सुटला पाहिजे, फेक झाल्यावर मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं.

ते पंचांकडे वळले. "यात पाय कुठे असावेत ते आहे. तोंड कुठे असावं ते नाही. आणि मुलाने आमची परवानगी घेतली होती."

पांढरा झेंडा वर गेला. मुलाचा पहिला नंबर आला नाही. दुसऱ्या एका कॉलेजचा धिप्पाड गडी जुन्या पद्धतीनेच त्याच्या पुढे गेला. दुसऱ्या नंबरचा पेला घेऊन मुलगा आजोबांकडे गेला. उस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जराशी जोरातच.

बक्षिसं झाली, शामियाना उतरायला लागला. मी चुन्याचे डबे गोळा करत होतो, तर किनाऱ्याकडची दोन मुलं येऊन उभी राहिली. एकाने वर्तुळाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

"माकु कूडा, सार."

आम्हालाही. एवढं मला कळलं. मी दादाच्या पंच्याचं टोक त्याच्या डाव्या हातात दिलं. तो सरकला, पडला, उठला. "मळ्ळी?" त्याने विचारलं. मी हाताने 'पुन्हा' अशी खूण केली. "मळ्ळी," मी म्हणालो. मग दुसरा आला, मग तिसरा कुणीतरी. आम्हाला हरवणाऱ्या कॉलेजचा तो धिप्पाड गडीसुद्धा बूट काढून रांगेत उभा राहिला. अंधारून येईपर्यंत मी पंचा धरून "मळ्ळी, मळ्ळी" करत होतो आणि माझा पैलवान पडलेले गोळे उचलून आणत होता.

मागून आवाज आला. "मास्टारू, तुम्हाला तेलुगू येत नाही म्हणाला होता." प्रिन्सिपॉलसाहेब हातात चहाचा कप घेऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"आत्ताच एक शब्द आला, सर."

"कामाचा आहे," ते म्हणाले. "सोमवारी ऑफिसात या."

सोमवारी माझी जागा पुढच्या वर्षासाठी चालू राहिली, आणि तेलुगू शिकायची अट पडली. कायम व्हायला आणखी बराच काळ गेला. पण दादाला आधीच कळलं होतं. रविवारी नामपल्लीला गाडीत बसताना तो म्हणाला, "हेडमास्तरला मी सांगतो. म्हणतो, त्याला तिथल्या पोरांनी पंच्यानं बांधून ठेवलंय."

"तुझा पंचा राहिला की माझ्याकडे!"

"ऱ्हाऊ दे. नोकरीचा हाय तो आता."

त्या वर्तुळाशेजारी माझी सगळी नोकरी गेली. हातून खूप फेकणारे गेले, काही स्वतः शिकवायला लागले. पैलवानाचं बघून आमच्या कॉलेजची मुलं पाठ फिरवण्याआधी सलाम करायला लागली होती. समोर कुणी बसलेलं असो वा नसो. मी कधी शिकवलं नाही, कधी थांबवलंही नाही.

आता मी नातवाकडे कुकटपल्लीला राहतो. परवा फिरायला गेलो, तर मैदानावर एक मुलगी एकटीच गोळ्याचा सराव करत होती. तिने गोळा खाली ठेवला, रिकाम्या मैदानाला वाकून सलाम केला आणि पाठ फिरवली. माझे पाय तिथेच थांबले. फेक झाल्यावर मी विचारलं, "बेटा, ये सलाम काइकू?"

तिने खांदे उडवले. "क्या की, अंकल. हमारे सर करते, उनके सर भी करते थे बोले."

मी आणखी काही बोलणार होतो, पण ती गोळा मानेशी लावून खोळंबली होती.

"अंकल, जरा बाजू होना. गोला आता."

मी बाजूला झालो.